गाडीसाठी फोडलेले अक्रोड

तुम्ही गाडीचा विषय काढलाच आहे, तर सांगून टाकते. नाहीतरी आमच्या कॉलनीतल्या कुणाकडून तरी तुमच्या कानावर येणारच, आणि ते लोक सांगताना पदरचं चार घालून सांगतात. त्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. आपली फजिती आपण सांगितली की ती निदान आपल्या मापाची तरी राहते. चहा घ्या, गार होईल.

माझी ती लाल गाडी तुम्ही बघितलीच आहे. पेट्रोलची, टर्बो. पायाखाली जरा दाबलं की पुढं झेप घेणारी. घेतली जुनीच, पण हट्टानं घेतली. आमच्या ह्यांचं म्हणणं होतं, साधी गाडी घे. आमचे हे म्हणजे श्रीकांतराव. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, पण उभ्या जन्मात कुणावर आवाज चढवलेला मी ऐकलेला नाही. ते मला एकदाच म्हणाले, "अगं, या इंजिनात नको तेवढं डोकं घातलेलं आहे. बिघडलं तर इथं कोण बघणार?" आणि गप्प बसले.

आता तुम्हीच सांगा, नवरा भांडला तर आपण दोन शब्द उलटे बोलू शकतो. पण एकदाच सांगून गप्प बसणाऱ्या माणसाचं काय करायचं? त्या दिवसापासून माझ्या मनात एकच होतं. काहीही होवो, ही गाडी बिघडता कामा नये. आणि बिघडलीच, तर ह्यांना कळता कामा नये.

बिघडली. न बिघडून सांगते कुणाला?

माझं सात रस्त्याजवळ शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. घर जुळे सोलापुरात. घरून निघायचं, गाडी जरा तापते न तापते तोवर दुकान येतं, की बंद. संध्याकाळी पुन्हा तेच. दोन-तीन वर्षं अशी काढली, आणि मग एक दिवस सकाळी गाडी चालू केली तर थंडी वाजल्यासारखी थरथरायला लागली. सिग्नल सुटला की पुढं जायच्या आधी एक आचका देणार. मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवणार. आणि समोर, वेगाच्या काट्याखाली, इंजिनाच्या चित्राचा एक पिवळा दिवा लागला तो विझेचना.

या दिव्यावर मी काय उपाय केला असेल? पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट होतं. त्यातली एक मोठी मरून टिकली काढली आणि दिव्यावर चिकटवली. दिवा दिसेनासा झाला. ह्यांनी एकदा विचारलं, "हे काय गं?" मी म्हटलं, "गाडीला नजर लागू नये म्हणून." ते म्हणाले, "बरं."

पण टिकली लावून आचके थांबत नाहीत. तेव्हा एके दुपारी गुपचूप होटगी रोडला शफीभाईंच्या गॅरेजला गेले. शफीभाई आमचे जुने. त्यांनी इंजिनाचा वरचा भाग खोलला, आत एक बारीक कॅमेरा घातला आणि मला मोबाइलवर चित्र दाखवलं. दूध करपलेल्या पातेल्याचा तळ कसा दिसतो? अगदी तसं. काळं, खडबडीत, थरावर थर.

"ये देखो मॅडम, वॉल्व्हवर कार्बन बसलाय," शफीभाई म्हणाले. "हवा आत जायचं दार आहे ते. दारच बुजलं तर इंजिन दम कसा घेणार?"

"पण मी तर चांगलं पेट्रोल घालते हो."

"पेट्रोल कितीबी चांगलं घाला. जुन्या गाडीत पेट्रोल या वॉल्व्हवरून आत जायचं, तर वॉल्व्ह आपोआप धुतला जायचा. या गाडीत पेट्रोल डायरेक्ट आत फवारतात. म्हणजे वॉल्व्हला अंघोळच नाही. वरनं ऑइलची वाफ येते, चिकटते, भाजते. फिर ये ऐसा होता."

"मग पेट्रोलमध्ये घालायचं काही औषध मिळतं, ते घालू?"

"ते औषध तिथं पोचतच नै ना मॅडम. पेट्रोलच पोचत नै, तर औषध कैसे पोचेगा?" मग ते म्हणाले, "याला अक्रोड लागतं."

मला वाटलं थट्टा करताहेत. पण नाही. अक्रोडाच्या टरफलांचा चुरा म्हणे हवेच्या जोरानं त्या वॉल्व्हवर मारतात. चुरा कठीण असतो, त्यानं कार्बन निघतो, पण लोखंडाला ओरखडा येत नाही. मग तो चुरा तिथल्या तिथं ओढून घेतात. ऐकून मी थक्क झाले. शफीभाई म्हणाले, मशीन आहे, अक्रोडाचं बघून फोन करतो. तेवढं बोलून त्यांनी सगळं होतं तसं बसवून दिलं आणि मी आचके खात घरी आले.

मला घाई होती, कारण पुढच्या महिन्यात करकंबला माझ्या नणंदेच्या घराची वास्तुशांत होती. म्हणजे सगळं सासर या गाडीत बसणार होतं, आणि हे माझ्या शेजारी. तिथवर टिकली पुरली नसती.

दोन-तीन दिवसांनी शफीभाईंचा फोन आला. मी दुकानात होते, चार शिलाई मशीनं चालू होती. पलीकडं त्यांच्याकडं कुणीतरी पत्रा ठोकत होतं. त्या सगळ्यात मला ऐकू आलं ते असं, "मॅडम, अक्रोड आणलं की गाडी लावा."

मी विचारलं, "किती लागेल?"

"एक पोतं लागतं. छोटं पोतं," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

तुम्ही म्हणाल, बाई, तुला शंका नाही आली? अजिबात नाही. अहो, माझ्या दुकानात निम्मी गिऱ्हाइकं आपलं कापड घेऊन येतात. कापड त्यांचं, शिलाई आमची. मला वाटलं, तसंच असणार. टरफलं माझी, मशीन शफीभाईंचं. इतकं सरळ वाटलं की पुन्हा फोन करून विचारावं हे मनातही आलं नाही.

त्याच संध्याकाळी बाजारातल्या सुक्या मेव्याच्या दुकानातून पिशवीभर आख्खे अक्रोड आणले. घरी स्वयंपाकघरात फरशीवर बसून बत्त्यानं फोडायला सुरुवात केली. गर एका ताटात, टरफलं एका बादलीत. थोड्या वेळानं हे आले. खुर्चीवर बसले, आणि बसताना नेहमीसारखा डाव्या गुडघ्यावर हात ठेवून "अयाई" म्हणाले. त्या थंडीत त्यांचे गुडघे फार दुखत होते.

"एवढे अक्रोड?" त्यांनी विचारलं.

"टरफलं पाहिजेत," मी म्हटलं.

"टरफलं? ती कशाला?"

माझ्या तोंडात नेमका अक्रोड होता. तो चावून, गिळून, काहीतरी बरं उत्तर शोधेपर्यंत वेळ गेला. तेवढ्यात त्यांनी बादलीकडं बघितलं, स्वतःच्या गुडघ्याकडं बघितलं, आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

"गुडघ्यांसाठी होय?" ते म्हणाले. "मला वाटलं नव्हतं तुझ्या लक्षात आलं असेल."

आता या वाक्यावर मी काय बोलायला पाहिजे होतं? हो म्हटलं नाही. पण नाहीसुद्धा म्हणवेना. मी आणखी एक अक्रोड तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवसापासून हे माझ्याबरोबर अक्रोड फोडायला बसायला लागले. फोडायचे पण कसे? माझ्यासारखा चुरा नाही. नेमका शिवणीवर ठोका घालून बरोबर दोन वाट्या. फोडता फोडता म्हणायचे, "कुणी सांगितलं तुला हे?" मी म्हणायची, "आहेत एक ओळखीचे." "वैद्य आहेत?" "तसंच म्हणा." शफीभाई नाडी नाही बघत, पण इंजिनाचा आवाज ऐकतातच की.

आणि गर? तो टाकून तर देता येत नाही. आम्ही दोघं माणसं. पोह्यांत अक्रोड, शिऱ्यात अक्रोड, लाडू अक्रोडाचे, चटणी अक्रोडाची. एकदा मी आमटीतही घातले. हे सगळं मुकाट्यानं खात होते, औषधाचाच भाग समजून. एवढं करून बादली काही भरेना. अक्रोडाचं टरफल वजनाला काहीच नसतं, आणि मला पोतं भरायचं होतं.

मग हे मदतीला धावले. मला न सांगता. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत त्यांनी सांगितलं की, आमच्याकडं गुडघ्यांचं औषध चाललंय, अक्रोडाची टरफलं असतील तर द्या. फिरायला येणारे सगळेच साठीच्या पुढचे. गुडघा नाही असा त्यात एकही माणूस नव्हता. झालं. आमच्या फाटकाला पिशव्या लटकायला लागल्या. शेजारच्या शांताकाकू तर पदरात टरफलं घेऊन रोज येत. "आज सुनेला म्हटलं, बदाम बंद, अक्रोड आण," असं सांगायच्या आणि जाताना म्हणायच्या, "पूड झाली की माझ्या नावाची एक डबी बाजूला ठेव बरं का."

मी हो हो म्हणत होते. रोज वाटायचं, उद्या सगळ्यांना खरं सांगू. आणि रोज पोतं थोडं वर यायचं, की वाटायचं, एवढं भरू दे, मग सांगू. शेवटी मेव्याचा दुकानदार मला म्हणाला, "ताई, तुमच्या बाजूला काय साथ आली का? सगळे आख्खे अक्रोडच मागताहेत."

पोतं भरलं तेव्हा ते रिक्षात घालून कांडपावर नेलं. आमच्या भागातली तायव्वा मसाला कांडून देते, शेंगाची चटणीही तिच्याकडंच करायची. तिनं पोत्यात हात घातला आणि मूठभर टरफलं काढून माझ्याकडं बघितलं.

"वैनी, हे कशात घालता?"

"खायचं नाही गं. बारीक करून दे फक्त."

"माझं मशीन मोडंल की."

तिच्या बऱ्याच विनवण्या केल्या. शेवटी तिनं आधी हातात असलेली शेंगाची चटणी काढली, आणि मग तसंच माझं काम घेतलं. मशीन असं खणखणलं की रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. पूड निघाली ती तपकिरी, मधेच लालसर, आणि आम्ही दोघी शिंका देऊन बेजार. मला वाटलं, अक्रोडाचा वास असेल.

पूड पोत्यात भरली आणि ते पोतं गाडीच्या डिकीत ठेवलं. थोडी उरली, ती घरच्या एका स्टीलच्या डब्यात घातली आणि फडताळात ठेवून दिली. संध्याकाळी शफीभाईंकडं जायचं असं ठरवून दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेले.

दुपारी जेवायला घरी आले आणि ताटं घ्यायला फडताळ उघडलं. डबा नव्हता.

"अहो, इथला डबा कुठंय?"

"तो होय? अण्णाला दिला," हे म्हणाले. "सकाळी आला होता. त्याचे गुडघे माझ्याहून वाईट. म्हटलं, आपल्याकडं पोतंभर आहे, घेऊन जा."

शिवमूर्तीअण्णा म्हणजे ह्यांचे नोकरीतले मित्र. मंद्रूपला राहतात, शेती बघतात.

माझ्या हातातलं ताट हातातच राहिलं. "आणि ते कसं घ्यायचं म्हणून सांगितलंत?"

"एक चमचा दुधातून. तू काही बोलत नव्हतीस, मग मीच अंदाजानं सांगितलं. बहुतेक औषधं तशीच घेतात."

"तुम्ही घेतलंत?"

"तू दिल्याशिवाय मी कसं घेईन?"

ते इतक्या साधेपणानं म्हणाले की मला रडूच यायचं बाकी होतं. तुम्ही विचार करा, काचेसारखी कठीण पूड. लोखंडावरची काजळी खरवडणारी. आणि एक म्हातारा माणूस ती दुधात कालवून पिणार. माझ्या डोळ्यांसमोर अण्णांचं पोटच यायला लागलं.

अण्णांना फोन लावला. वाजतोय, वाजतोय, कुणी उचलत नाही. ह्यांनी लावला. तेच. हे म्हणाले, "रानात गेला असेल, फोन घरी ठेवून. पण झालं काय?"

"गाडीत बसा. मंद्रूपला जायचंय. वाटेत सांगते."

विजापूर रोडला लागलो आणि मी गाडी दामटली. दामटली म्हणजे माझ्या बाजूनं. गाडी आपली आचके देत होती. ट्रकच्या पुढं काढायला जावं तर ऐन वेळी तिचा जीव जायचा आणि आम्ही पुन्हा ट्रकच्या मागं. हे दाराच्या वरची मूठ धरून बसले होते.

"हिला काय होतंय?" त्यांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत ती टिकली सुटली. बरेच दिवस उन्हात तापून डिंक गेला असणार. ती माझ्या मांडीवर पडली आणि तिच्यामागचा पिवळा दिवा लख्ख दिसायला लागला. ह्यांनी टिकली उचलली. आधी तिच्याकडं बघितलं, मग दिव्याकडं, मग माझ्याकडं.

मी म्हटलं, "अहो, ती पूड गुडघ्यांची नाही."

"मग?"

"गाडीची आहे."

आणि मग मी सगळं सांगून टाकलं. वॉल्व्ह, कार्बन, अंघोळ, शफीभाई, अक्रोड. सोरेगाव मागं पडलं, तरी हे काही बोलेनात. गाडीचं ऐकून 'मी सांगितलं नव्हतं का' असं म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. पण ते बऱ्याच वेळानं म्हणाले, "म्हणजे माझ्यासाठी नव्हतंच."

"नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले.

इतकं वाईट मला गाडी बिघडल्याचं वाटलं नव्हतं.

मंद्रूपला अण्णांच्या घरापुढं गाडी थांबवली. अण्णा ओट्यावर बसलेले. डोळे लाल, नाकातून पाणी, हातात पाण्याचा तांब्या.

"अण्णा, ती पूड घेतली का?"

"घेतली की," अण्णा म्हणाले.

मी ओट्याचा खांब धरला. ह्यांनी विचारलं, "किती घेतलीस? दुधातनं?"

"दुधातनं कशाची? आधी चव बगावी म्हनून बोट बुडवून चाटलं. लई तिखट हो. मी म्हनलं, हे औशद हाय का शेंगाची चटनी? ही म्हनली, थुका आदी. मग थुकलं, चूळ भरली, गूळ खाल्ला. तरी जीब अजून जळतीया बगा."

"गिळलं नाही ना?"

"न्हाय वो. गिळायला घशातनं उतराय नको व्हय? नुसतं कचकच लागतंय."

तायव्वाच्या मशीनमधलं तिखट. त्या क्षणी मला त्या चटणीचे किती उपकार वाटले म्हणून सांगू. ती शिंक मला अक्रोडाची वाटली होती, ती मिरचीची होती, आणि त्याच मिरचीनं अण्णांना वाचवलं होतं. मी तिथं ओट्यावरच बसले.

एवढ्यात आतनं अण्णांच्या मंडळी, गंगूअक्का, आल्या. हातात तवा. त्यांना वाटलं आम्ही सहज आलोय.

"बरं झालं वैनी, तुमी आला. ही पूड कुटं मिळती?" त्या म्हणाल्या. "ह्यास्नी काय खाववंना, म्हनून मी म्हनलं टाकायची कशाला? नारळाच्या शेंडीनं तव्याला लावून बगितली. हा तवा माज्या लग्नातला हाय. ह्याची काजळी कदी म्हंजे कदी निगाली न्हवती. बगा आता."

त्यांनी तवा पुढं धरला. खालच्या बाजूचं लोखंड कोरं दिसत होतं. वर्षानुवर्षांचा कार्बन निघाला होता, आणि ओरखडा एक नव्हता. शफीभाई म्हणाले तसंच.

ह्यांनी तवा हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "गाडीचं औषध चांगलं आहे हं." आणि हसायला लागले. सोरेगावपासून आत धरून ठेवलेलं सगळं त्या हसण्यात निघालं असावं, कारण ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. अण्णांना काही कळेना. मग ह्यांनीच त्यांना सगळं समजावून सांगितलं. अण्णा म्हणाले, "म्हंजे मी गाडीचं औशद खाल्लं? बरं झालं, पळाय लागलो न्हाय ते."

अक्कांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. कडक भाकरी, दही, वांग्याची भाजी. दुपारचं जेवण राहिलंच होतं हे मला तेव्हा आठवलं. मी इतकी जेवले की अक्का माझ्याकडं बघत राहिल्या. शेंगाची चटणी मात्र अण्णांनी वाढू दिली नाही. निघताना डिकीतलं पोतं उघडून अक्कांना भांड्यांसाठी आणखी पूड काढून दिली, आणि खायची नाही हे दोघांकडून वदवून घेतलं.

परत निघालो. गाडी आचके देत होतीच, पण आता मला त्याचं काही वाटत नव्हतं. पिवळा दिवा उघडा होता आणि शेजारी नवरा शांत बसला होता. अर्ध्या वाटेवर गाडीच्या स्पीकरवर फोन वाजला. शफीभाई.

"मॅडम, अक्रोड आलं. उद्या गाडी लावा."

"कुठलं अक्रोड?"

"पुण्याहून मागवलं होतं ना. तयार चुरा येतो, सीलबंद पोतं. आज आलं."

"पण शफीभाई, तुम्ही तर मला आणायला सांगितलं होतं."

"मी कायकू तुमको बोलूंगा मॅडम? मी बोललो, अक्रोड आलं की गाडी लावा."

उद्या येते म्हणून फोन ठेवला. शेजारी हे हळूच म्हणत होते, "आलं की. आणलं की." दोन-तीनदा म्हणून बघितलं त्यांनी, चव घेतल्यासारखं.

"बोला आता काय बोलायचं ते," मी म्हटलं.

"मी काही बोललो का?"

"नाही बोललात तेच. उद्या गाडी गॅरेजला लावली की तिथनं रिक्षा करू. तुमच्या गुडघ्यांना चांगल्या डॉक्टरला दाखवायचं. हे मी आधीच करायला पाहिजे होतं."

ते म्हणाले, "चालेल. फक्त डॉक्टरांकडं काय काय न्यायचं ते फोनवर मी विचारतो."

दुसऱ्या दिवशी शफीभाईंनी माझं पोतं कुतूहलानं उघडलं, नाक जवळ नेलं आणि सटासट शिंका दिल्या. "मॅडम, इंजिन को तडका देना था क्या?" म्हणाले. त्यांच्या पोत्यातला चुरा एकसारखा, रव्यासारखा, कोरडा. माझी पूड मशीनमध्ये घातली असती तर सगळं चोंदलं असतं. त्यांनी त्यांच्या चुऱ्यानं वॉल्व्ह साफ केले, मला पुन्हा ते मोबाइलवरचं चित्र दाखवलं, आणि काय सांगू, अक्कांचा तवाच. वर, आठवड्यातून एकदा तरी लांबवर न्यायची आणि ऑइल वेळेवर बदलायचं, असा दम दिला. दिवा विझला. गाडी पहिल्यासारखी झेप घ्यायला लागली. ह्यांच्या गुडघ्यांचंही फार काही निघालं नाही, व्यायाम दिलाय. करकंबला सगळं सासर घेऊन गेले, एक आचका नाही. नणंद म्हणाली, वहिनी, गाडी छान घेतलीत. ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि "हो, छानच आहे" म्हणाले. आणखी काय पाहिजे?

राहिली कॉलनी. त्यांना सांगणं भाग होतं. करकंबहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी शांताकाकू रिकामी डबी घेऊन हजर झाल्या. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. सगळं ऐकून झाल्यावर डबीचं झाकण लावत त्यांनी विचारलं, "आणि त्या सगळ्या टरफलांतले अक्रोड? ते कुणी खाल्ले?"

"तुमचे तुम्ही खाल्लेत. आमचे बरेचसे मीच खाल्ले, काकू."

"महिनाभर?"

"महिनाभर."

काकू उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि मागं वळून म्हणाल्या, "मग अक्रोडानं बुद्धी वाढते म्हणतात, ते काही खरं नाही गं. मी उद्यापासून बदामच आणायला सांगते."